जर्मनीत शिकताना शनिवार-रविवारची भटकंती: आधी परतीची गाडी ठरवा, मग ठिकाण

रुळांवरून

नवी बॅच आली की चार आठवड्यांत तेच प्रश्न फिरायला लागतात. कुठलं तिकीट घ्यायचं, सहा जणांत स्वस्त काय पडतं, ऑस्ट्रियाला पासपोर्ट लागतो का. सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा. उदाहरणं म्युनिकची देतो, कारण तिथून डोंगर, तळी आणि सीमा तिन्ही जवळ आहेत. बाकी शहरांतल्या मंडळींनी भर घालावी.

सगळ्यात आधी एक गोष्ट. बहुतेकजण ठिकाण ठरवतात, जायची गाडी बघतात आणि परतीचं 'बघू तिथे गेल्यावर' म्हणून सोडून देतात. रविवारी संध्याकाळी नेमकं तिथेच सगळं अडतं. छोट्या गावाहून तासाला एकच गाडी, शेवटची बस साडेसहाला, गाडीत पाय ठेवायला जागा नाही, आणि मधल्या पट्ट्यात दुरुस्ती चालू. म्हणून उलटं करा. रविवारी घरी किती वाजता पोचायचं ते ठरवा, त्याच्या एक गाडी आधीची गाडी पकडायची असं धरा, आणि त्यावरून मागे मोजत या. जे ठिकाण त्यात बसत नाही ते दुसऱ्या आठवड्याला.

आता तिकिटं.

डॉइचलांड-तिकीट (पुढे डी-तिकीट) मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरो आहे. आरई आणि आरबी (लोकल गाड्या), एस-बान (उपनगरी गाडी), यू-बान (मेट्रो), ट्रॅम, गावच्या बसा, सगळ्यांत चालतं. आयसीई, आयसी, ईसी आणि फ्लिक्स-ट्रेन या लांब पल्ल्याच्या गाड्यांत चालत नाही. अपवाद थोडे आहेत, उदाहरणार्थ ब्रेमेन ते नॉर्डडाइख या पट्ट्यातली आयसी. हे तिकीट नावावर असतं, दुसऱ्याला देता येत नाही, आणि सोबत फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. सायकलचं तिकीट वेगळं. बऱ्याच विद्यापीठांच्या सेमिस्टर फीमध्ये हेच तिकीट ६० टक्के दरात येतं. तुमच्या फीमध्ये आहे का ते आधी बघा, उगाच दुसरं घेऊन बसू नका. बाहेरून घेतलं असेल तर ती वर्गणी असते. त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केली नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. एका महिन्यापुरतं घेणाऱ्यांनी घेतल्या दिवशीच रद्द करून टाकावं, महिनाअखेरपर्यंत ते चालतच राहतं.

ज्यांच्याकडे डी-तिकीट नाही त्यांच्यासाठी राज्यांची तिकिटं आहेत. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बायर्नचं (बव्हेरियाचं) बायर्न-तिकीट हे त्याचं उदाहरण: पाच जणांपर्यंत, पहिल्या माणसाचा दर जास्त आणि पुढच्या प्रत्येकाचा थोडा थोडा. सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ पासून, शनिवार-रविवार आणि त्या राज्याच्या सुटीला मध्यरात्रीपासून, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ३ पर्यंत. सगळ्या प्रवाशांची नावं तिकिटावर हवीत. कोरं ठेवलेलं नाव म्हणजे विनातिकीट, आणि विनातिकीट म्हणजे ६० युरो. (डी-तिकीट आहे पण फोन बंद पडला म्हणून दाखवता आलं नाही, तर नंतर कचेरीत दाखवून हा दंड ७ युरोवर येतो. पॉवरबँक त्याहून स्वस्त आहे.) देशभर फिरायचं असेल तर याच धाटणीचं क्वेर-दुर्ख्स-लांड तिकीट आहे, वेळेच्या अटी त्याच.

---

पहिलं_सेमिस्टर

छान धागा, धन्यवाद. आम्ही पाच जण आहोत, तिघांकडे सेमिस्टरचं डी-तिकीट आहे, दोघांकडे नाही. शनिवारी नॉयश्वानस्टाइनचा किल्ला बघायचा आहे. पाच जणांचं बायर्न-तिकीट काढावं का? आणि किल्ल्याचं तिकीट तिथे जाऊन मिळतं का?

---

रुळांवरून

पाच जणांचं नको, दोघांचंच काढा. डी-तिकीटवाल्यांची नावं त्यात घालायची गरज नाही. ही चूक फार होते.

किल्ल्याचं तिकीट ऑनलाइन काढा. दर तिकिटावर वेळ छापलेली असते, ती चुकली की तिकीट गेलं, पुढच्या फेरीत घेत नाहीत. म्युनिकहून फ्युसेन साधारण दोन तास, काही गाड्यांना बुखलो किंवा काउफबॉयरेनला बदल. फ्युसेन स्टेशनबाहेरून होहेनश्वांगाऊची बस, डी-तिकिटावर चालते. बसची वाट आणि प्रवास मिळून अर्धा तास धरा. तिथून चढण ३० ते ४० मिनिटं. म्हणजे गाडी सुटल्यापासून साडेतीन तासांच्या आतला स्लॉट घेऊ नका. सकाळी ८ ला निघणाऱ्यांनी साडेअकराच्या आधीची वेळ धरली की धावपळ ठरलेलीच.

आतला फेरफटका जेमतेम अर्ध्या तासाचा, फोटो काढू देत नाहीत, मोठी सॅक आत नेता येत नाही. खरा देखावा मारियेनब्रुके या पुलावरून दिसतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. बर्फ पडलं की पूल बंद करतात. थंडीत जाणार असाल तर त्या दिवशी सकाळी किल्ल्याच्या संकेतस्थळावर बघून निघा. राजा लुडविग दुसरा याचे हे राजवाडे जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले, त्यामुळे गर्दी कमी व्हायची आशा सोडा.

---

नियमावली

वरच्यात एक भर. आरई उशिरा आली की 'आता आपण आयसीईत बसू शकतो' असं ग्रुपमधला कोणीतरी छातीठोकपणे सांगतो. ते सगळ्या तिकिटांना लागू नाही.

साधं किंवा स्पारप्राइस (ठरावीक गाडीचं, सवलतीचं) तिकीट असेल आणि मुक्कामी पोचायला २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसत असेल, तर ठरावीक गाडीचं बंधन सुटतं आणि दुसरी गाडी घेता येते. पण डी-तिकीट आणि राज्यांची तिकिटं 'फार सवलतीची' या वर्गात मोडतात. त्यांवर आयसीईत बसलात तर उशीर कितीही असो, तुम्ही विनातिकीटच.

भरपाईचा हिशोब असा: ६० मिनिटं उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के, १२० मिनिटं झाला तर ५० टक्के. अर्ज तीन महिन्यांत करायचा. ४ युरोपेक्षा कमी रक्कम देत नाहीत. डी-तिकिटाला तासाच्या उशिरामागे ठोक दीड युरो, म्हणजे असे तीन उशीर साठवून मगच अर्ज करायचा. गंमत वाटेल, पण सेमिस्टरभर दर आठवड्याला भटकणाऱ्यांचे तीन उशीर सहज जमतात.

आणि आता खरी गोम. समजा तुमचं गाव छोटं आहे. तिथून डी-तिकिटावर म्युनिकला यायचं आणि पुढे बर्लिनची सुपर-स्पारप्राइस आयसीई, असा बेत. आरई अडकली, आयसीई सुटली, तर ते तिकीट गेलं. दोन वेगळी तिकिटं म्हणजे दोन वेगळे करार, पहिल्याच्या उशिराचं दुसऱ्याला देणंघेणं नाही. उपाय दोन. एक, मध्ये किमान तास-सव्वा तास ठेवा. दोन, आणि हा जास्त चांगला, आयसीईचं तिकीट काढताना सुरुवात तुमच्या गावापासून टाका. बऱ्याचदा किंमत तीच राहते किंवा थोडीच वाढते, पण सगळा प्रवास एका तिकिटावर येतो आणि गाडी चुकली तरी पुढच्या आयसीईत बसता येतं.

---

हिवाळी_सत्र

+१. याच जोडीला अ‍ॅपमधल्या दोन गोष्टी. जर्मन रेल्वेच्या डीबी नॅव्हिगेटर अ‍ॅपमध्ये फक्त डी-तिकिटाच्या गाड्या दाखवायची सोय आहे, ती लावा. बदलायला किमान किती मिनिटं हवीत तेही घालता येतं. अ‍ॅप आपणहून ४-५ मिनिटांचे बदल सुचवतं, ते सहा जणांच्या ग्रुपला झेपत नाहीत. १० घाला, मोठ्या स्टेशनात १५.

शुक्रवारी रात्री पुन्हा बघा. रुळांची कामं शनिवार-रविवारीच काढतात, आणि गाडीऐवजी बस सोडतात. वेळापत्रकात 'एसईव्ही' किंवा 'एर्झात्सफेरकेर' दिसलं की समजायचं: बसला गाडीपेक्षा बराच वेळ जास्त, सायकल नेता येत नाही, आणि थांबा बऱ्याचदा स्टेशनच्या दारात नसून मागच्या रस्त्यावर असतो.

शिवाय फुटणाऱ्या गाड्या. म्युनिकहून टेगर्नझे, लेंगग्रीस आणि बायरिशत्सेलला जाणारी गाडी एकच निघते आणि वाटेत तिचे तुकडे होतात. होल्त्सकिर्शेनला बायरिशत्सेलचा भाग सुटतो, शाफ्टलाखला टेगर्नझे आणि लेंगग्रीस वेगळे होतात. डब्यातल्या पाटीवर बघून बसा. अर्धा ग्रुप तळ्यावर आणि अर्धा दुसऱ्याच खोऱ्यात, हे दर हंगामात कोणाचं ना कोणाचं होतंच.

---

कागदपत्री

सीमा ओलांडायची असेल तर माझ्याकडून हे.

रेसिडेन्स परमिटचं कार्ड म्हणजे पासपोर्ट नव्हे. दोन्ही मूळ प्रती लागतात, फोनमधला फोटो चालत नाही. शेंगेनमधल्या (सामायिक व्हिसाच्या युरोपीय गटातल्या) इतर देशांत १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. जर्मनीतले दिवस त्यात धरत नाहीत. शुक्रवारी रात्री सीमा ओलांडून रविवारी परत आलात तर तीन दिवस खर्ची पडले. नुकतेच आलेले आणि कार्ड अजून न मिळालेले लोक पासपोर्टवरच्या डी-व्हिसावर (जर्मनीचा दीर्घ मुदतीचा व्हिसा) जाऊ शकतात, व्हिसाची मुदत असेपर्यंत.

अडचण कोणाला? ज्यांचा व्हिसा संपला, अर्ज केला आहे आणि हातात फक्त फिक्त्सिओन्सबेशायनिगुंगचा (अर्जाचा निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता दाखला) तो कागद आहे त्यांना. त्यावर कुठल्या चौकटीत खूण आहे ते बघा. निवास कायद्याचं कलम ८१ परिच्छेद ३ असेल तर जर्मनीबाहेर पडूच नका, परत येता येत नाही. परिच्छेद ४ असेल तर परतता येतं, पण दुसऱ्या देशाच्या पोलिसाला आणि बसच्या ड्रायव्हरला ते समजावून सांगायची वेळ येते. दोन दिवसांच्या सहलीसाठी ही उठाठेव कशाला? कार्ड येईपर्यंत जर्मनीतच भरपूर बघण्यासारखं आहे.

स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, क्रोएशिया जानेवारी २०२३ पासून, रोमानिया-बल्गेरिया जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे. इंग्लंड आणि आयर्लंड नाहीत. भारतीय पासपोर्टवर तिथे वेगळा व्हिसा लागतो, जर्मन कार्डाचा उपयोग नाही.

आणि 'शेंगेनमध्ये तपासणी नसते' हे जुनं झालं. १६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनी सगळ्याच जमिनीवरच्या सीमांवर तपासणी करते आहे. साल्झबुर्गहून परतताना गाडी थांबवून पोलीस डबे बघतात, बसा तर नेहमीच थांबतात. परतीच्या वेळेत ही पाऊण तासाची गळती धरा.

जर्मनीतल्या जर्मनीत फिरतानाही पासपोर्ट जवळ ठेवा. हॉटेल-हॉस्टेलचा नोंदणी फॉर्म २०२५ पासून जर्मन नागरिकांना भरावा लागत नाही, परदेशी नागरिकांना अजून लागतो.

---

पहिलं_सेमिस्टर

बाप रे, इतकं असतं होय. स्वस्त विमानांचं काय? फ्रँकफुर्टहून वीस युरोत बार्सिलोना दिसतंय.

---

कागदपत्री

विमानतळाचं नाव पूर्ण वाचा. 'फ्रँकफुर्ट-हान' फ्रँकफुर्टपासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे. 'म्युनिक-वेस्ट' म्हणून विकलं जाणारं मेमिंगेनही म्युनिकपासून शंभराच्या वर. पहाटे सहाचं विमान असेल तर आदली रात्र तिथल्या खुर्चीवर किंवा बसचे वेगळे पैसे. युरोपीय पासपोर्ट नसलेल्यांची कागदपत्रं काही कंपन्या काउंटरवर वेगळी तपासतात, ते सुरक्षा तपासणीच्या आधी उरकावं लागतं. विसरलात तर गेटवरून परत पाठवतात. आणि लोणच्याची बरणी द्रव पदार्थात धरली जाते, बऱ्याच विमानतळांवर १०० मिलीच्या वर असेल तर कचऱ्यात.

---

डोंगरवाट

डोंगरात जाणाऱ्यांसाठी. सह्याद्रीत वाढलेल्यांना आल्प्स सोपे वाटतात, कारण वाटा आखलेल्या, पाट्या लावलेल्या. फसगत तिथेच होते.

पिवळ्या पाट्यांवर अंतर नसतं, वेळ असतो, आणि त्या वेळेत थांबे धरलेले नसतात. शिवाय तो वेळ सवय असलेल्या माणसाचा. सहा जणांच्या ग्रुपने दीडपट धरावा. पाटीवर ४ तास म्हणजे तुमचे ६, आणि त्यावरून शेवटची केबलकार किंवा बस गाठता येते का ते बघा. वाटांचे रंग: निळी सोपी, लाल मध्यम, काळी अवघड. काळीवर लोखंडी दोर आणि उघडे कडे असतात, तिथे नवख्यांनी जाऊ नये. उत्तर उतारावर जूनपर्यंत बर्फ टिकतं, खाली तळ्यात लोक पोहत असले तरी. स्पोर्ट्स शूजमध्ये त्या बर्फावरून आडवं जाणं हा तिथला सगळ्यात धोक्याचा प्रकार.

पहिल्या सहलीला गार्मिश-पार्टेनकिर्शेन घ्या. म्युनिकहून जेमतेम दीड तास, डी-तिकिटावर. पार्टनाखक्लाम ही घळ सुमारे ७०० मीटर लांब, कातळात कोरलेली वाट, खालून पाणी घोंघावतं. १९३६ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या स्टेडियमपासून चालत पाऊण तासाच्या आत. आत उन्हाळ्यातही वरून पाणी ठिबकतं, पावसाळी जाकीट हवंच. बर्फ वितळायच्या काळात दरडीच्या भीतीने बंद असते, निघण्याआधी बघा. त्सुगश्पिट्से (२९६२ मीटर, जर्मनीतलं सर्वात उंच शिखर) त्याच गावातून दिसतं. वर जायचं भाडं विद्यार्थ्याच्या खिशाला जड आणि ढग असतील तर वर पांढरी भिंत बघून परत. वरचा कॅमेरा ऑनलाइन दिसतो, तो बघूनच तिकीट काढा. माझं मत: पैसे वाचवा, खाली आयबझे तळ्याला फेरी मारा.

क्योनिगझेला जाणाऱ्यांनी: म्युनिक ते फ्रायलासिंग, तिथे बदलून बेर्शटेसगाडेन, मग बस. जायलाच तीन तास. तळ्यात १९०९ पासून विजेच्या बोटी आहेत. सेंट बार्थोलोमेपर्यंत पाऊण तासाच्या आत, सालेटपर्यंत तासभर. उन्हाच्या रविवारी धक्क्यावर लांब रांग लागते, साडेनऊच्या आत पोचा. आणि सालेटला उतरल्या उतरल्या शेवटच्या बोटीची वेळ बघा. दोन्ही बाजूंना कडे सरळ पाण्यात उतरलेत, काठाने चालत परत यायची वाट नाही.

मदतीचा नंबर ११२, सगळ्या युरोपात. रेंज नसेल तर शिट्टी किंवा टॉर्च: मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा.

---

नियमावली

विम्याचं राहिलं. सरकारी विम्याच्या कार्डाची मागची बाजू युरोपीय आरोग्य कार्ड असते, ऑस्ट्रियात अचानक दवाखान्यात जावं लागलं तर चालते; स्वित्झर्लंडमध्ये मात्र भारतीय पासपोर्टवाल्यांना चालत नाही. पण डोंगरातून हेलिकॉप्टरने खाली आणायचा खर्च त्यात धरू नका. त्यासाठी वेगळा विमा किंवा आल्पाइन क्लबचं सदस्यत्व, त्यात बचावाचा विमा येतो. खाजगी विमावाल्यांनी आपली पॉलिसी परदेशात चालते का ते वाचावं.

---

दशमीवाली

इथे पोटापाण्याचं कोणीच बोलत नाही!

रविवारी दुकानं बंद. जर्मनीतही आणि ऑस्ट्रियातही. मोठ्या स्टेशनांतली उघडी असतात, बेकऱ्या सकाळपुरत्या. सुटीच्या दिवसाचं राज्यागणिक वेगळं: १ नोव्हेंबरला बायर्नमध्ये सगळं बंद, बर्लिनमध्ये उघडं. म्हणून शनिवारी दुपारीच रविवारच्या रात्रीपर्यंतचं घेऊन ठेवा.

वाटेसाठी दशम्या किंवा धपाटे. पाणी न घालता दुधात भिजवलेल्या दशम्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. गार झाल्यावरच डब्यात भरा, गरम भरल्या की वाफेने चिकटतात आणि रविवारी आंबूस लागतात. माणशी चार धरा, डोंगर असेल तर पाच. सोबत शेंगदाण्याची सुकी चटणी. लसणीची नेणार असाल तर डबा दोन पिशव्यांत, बंद आयसीईच्या डब्यात त्या वासाला लपायला जागा नसते.

हॉस्टेलात रात्री खिचडी. सहा जणांना ४५० ग्रॅम तांदूळ आणि २०० ग्रॅम मूगडाळ, दोन लिटर पाणी, चवीपुरतं मीठ. घरीच एका पिशवीत तांदूळ-डाळ-हळद भरून घ्या, आणि फोडणी करून गार केलेलं तेल छोट्या बाटलीत. हॉस्टेलात फोडणी करू नका. मोहरी तडतडून धूर झाला की वरचा सेन्सर ओरडतो, सगळी इमारत रिकामी करावी लागते आणि अग्निशमन दल आलं तर बिल तुमच्या नावावर येऊ शकतं. तिथल्या काचेच्या विजेच्या शेगडीवर मोठं पातेलं उकळायला वीस मिनिटं लागतात, स्वयंपाकघर नऊ-दहाला बंद होतं. आठच्या आत भांडं चढवा. स्वयंपाकघर आहे का हे बुकिंगच्या आधी विचारा. युथ हॉस्टेलांत बऱ्याचदा पाहुण्यांना वापरायला देत नाहीत, नाश्ता मात्र भरपेट असतो. सदस्यत्व लागतं, ते २७ वर्षांखालच्यांना स्वस्त.

पाणी नळाचं प्या. प्लॅस्टिकची बाटली घेतलीच तर फेकू नका, २५ सेंट परत मिळतात. सहा जणांच्या दोन दिवसांच्या बाटल्यांत परतीची कॉफी निघते.

---

काटकसर

ब्लॅक फॉरेस्टला जाणारे: मुक्काम केलात तर बऱ्याच गावांत 'कोनुस' पाहुणा-कार्ड मिळतं, त्यावर तिथल्या बस आणि लोकल गाड्या फुकट. ज्यांच्याकडे डी-तिकीट नाही त्यांना मोठा फायदा. यजमानाकडे मागून घ्या, आपणहून दिलं जाईलच असं नाही.

हिशोबाचं मात्र वाजतं. तिघांकडे डी-तिकीट, दोघांकडे नाही, तर त्या दोघांच्या बायर्न-तिकिटाचे पैसे पाचांत वाटायचे की दोघांत?

---

हिवाळी_सत्र

दोघांत. डी-तिकीटवाल्यांनी आपले पैसे आधीच मोजलेत.

---

काटकसर

ते मोजले कॉलेजला जायला, सहलीसाठी नाही. बरोबर जायचं ठरलं तर जायचा खर्च सगळ्यांचा.

---

रुळांवरून

दोन्ही बाजूंना मुद्दा आहे, पण ते निघायच्या आधी बोला, परतीच्या गाडीत नाही. ग्रुपवर एक ओळ टाका: तिकीट ज्याचं त्याचं, खोली समान, जेवण समान, दारू पिणाऱ्यांची. अ‍ॅपमध्ये खर्च त्याच दिवशी घाला. आणि खोली ज्याच्या कार्डावर बुक केली त्याला निम्मे पैसे आधी पोचते करा. आयत्या वेळी दोघं गळाले की रद्द न होणाऱ्या खोलीचा भुर्दंड एकट्यावर पडतो.

---

पहिलं_सेमिस्टर

पुढच्या सहलीला सहा जण झालो तर गाडीच भाड्याने घेतली तर? आमच्यातल्या एकाकडे भारतातलं लायसन्स आणि इंटरनॅशनल परमिट आहे.

---

नियमावली

तो जर्मनीत राहायला येऊन किती दिवस झाले? सहा महिन्यांपर्यंत भारतीय लायसन्स चालतं, परमिट किंवा भाषांतरासह. सहा महिन्यांनंतर जर्मन लायसन्स लागतं. इंटरनॅशनल परमिटवर तारीख शिल्लक असली तरी उपयोग नाही. त्यानंतर चालवणं हा दंडाची पावती फाडून सुटायचा प्रकार नाही, फौजदारी गुन्हा आहे. अपघात झाला तर विमा कंपनी पैसे मागे मागू शकते.

बाकीच्या फटी: २५ वर्षांखालच्यांना बऱ्याच कंपन्या जादा आकार लावतात. अनामतीला खरं क्रेडिट कार्ड मागतात, डेबिट कार्ड काउंटरवर नाकारलं गेलं की बुकिंगचे पैसेही जायची शक्यता. दुसऱ्या देशात नेणार असाल तर करारात लिहून घ्या. स्वित्झर्लंडच्या हायवेला वर्षाचाच स्टिकर, ४० फ्रँक, दोन दिवसांचा मिळत नाही. ऑस्ट्रियात एक दिवसाचाही मिळतो. बर्फाळ रस्त्यावर विंटर टायर सक्तीचे, ऑक्टोबर ते ईस्टर गाडी घेताना ते लावलेत का ते बघा. आणि सहा माणसं पाच आसनांच्या गाडीत बसत नाहीत, हेही सांगून ठेवतो.

---

सरहद्द

ऑस्ट्रियातल्या हालश्टाट या तळ्याकाठच्या गावाबद्दल कोणी विचारलं नाही, पण विचारतीलच. डी-तिकीट साल्झबुर्ग स्टेशनपर्यंत चालतं, फक्त लोकल गाडीत. त्याच मार्गावर रेलजेट या जलद गाड्याही धावतात, त्यांत नाही. साल्झबुर्गपासून पुढे ऑस्ट्रियाचं आइनफाख-राउस तिकीट: २ ते ५ जण, लोकल गाड्या, आठवड्यात सकाळी ९ पासून, शनिवार-रविवार दिवसभर. एकट्याला मिळत नाही. साल्झबुर्ग ते आटनांग-पुखहाइम, तिथे बदलून हालश्टाट. स्टेशन तळ्याच्या पलीकडच्या काठावर आहे, गावाच्या बाजूला नाही. गाडीच्या वेळेला जोडलेली बोट असते, तिचे पैसे वेगळे, रोख ठेवा. म्युनिकहून एकूण पाच तास.

म्हणजे एका दिवसात जाऊन-येऊन दहा तास गाडीत, गावात तीन. करू नका. शनिवारी दुपारपर्यंत साल्झबुर्ग बघा, संध्याकाळी पुढे जाऊन ओबरट्राउन किंवा बाड गोइसेर्नला मुक्काम, रविवारी सकाळी आठला हालश्टाट. पर्यटकांच्या बसा यायच्या आत गाव तुमचं. दुपारी एकच्या आसपासची बोट पकडलीत तर सीमेवरची तपासणी धरूनही सात-आठला घरी.

प्रागला जाणाऱ्यांनी: म्युनिकहून थेट लोकल गाडी आहे, डी-तिकीट सीमेवरच्या फुर्थ इम वाल्डपर्यंत, पुढचं तिकीट आधी काढून ठेवा. ड्रेस्डेनच्या मंडळींना तर एल्ब-लाबे तिकीट आहे, एका दिवसाचं, सीमेच्या दोन्ही बाजूंना चालतं, ग्रुपचंही मिळतं.

स्वित्झर्लंडच्या काठाने फिरताना फोनचं रोमिंग बंद करा. युरोपीय संघाचा मोफत रोमिंगचा नियम तिथे लागू नाही. कॉन्स्टान्स तळ्याकाठी जर्मनीच्या बाजूला उभे असलात तरी फोन पलीकडचा टॉवर पकडतो.

---

हिवाळी_सत्र

मार्च आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार सांभाळा. त्या रात्री घड्याळ बदलतं. फोन आपोआप बदलतो, मनगटावरचं नाही. मार्चमध्ये एक तास कमी मिळतो आणि सकाळी साडेसातची गाडी साडेसहाची वाटते. त्या आठवड्याला पहाटेची गाडी बेतात धरू नका.

---

पहिलं_सेमिस्टर

सगळ्यांचे आभार. ठरलं: शनिवारी फ्युसेन, साडेबाराचा स्लॉट, दोघांचं बायर्न-तिकीट, नावं लिहून. परतीला साडेपाचची गाडी. दशम्यांना ज्वारीचं पीठ मिळालं नाही, कणकेच्या चालतील का?

---

दशमीवाली

चालतील. अर्धा कप जास्त दूध आणि चमचाभर तेल घाला, पीठ सैलसर ठेवा. गूळ घालणार असाल तर दुधात आधी विरघळवून गाळून घ्या, नाहीतर तव्याला चिकटतात.